घ्यावे की न घ्यावे

धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत, अशी आपल्याकडे समजूत आहे. ही समजूत ज्याने रूढ केली तो बुद्धिबळ खेळत नसावा. चौसष्ट घरांच्या पटावर जी गाय दान म्हणून दारात आणून बांधली जाते, तिचे दातच काय, पण खूर, शिंगे आणि शेपटीचा गोंडादेखील तपासल्याखेरीज दाव्याला हात लावू नये, असे तेथील शास्त्र सांगते. युरोपीय खेळाडू ज्याला गँबिट म्हणतात तो हाच आवळा देऊन कोहळा काढण्याचा व्यवहार होय. डावाच्या अगदी आरंभी, उभय पक्षांची मोहरी धड घराबाहेरही पडली नसताना, एक खेळाडू आपले एखादे प्यादे प्रतिपक्षाच्या तोंडाशी नेऊन ठेवतो. ते मारावे की मारू नये, एवढाच प्रश्न. परंतु या एवढ्याशा प्रश्नावर आमच्या आयुष्यातील जितके रविवार खर्ची पडले, तितके दुसऱ्या कोणत्याही प्रश्नावर पडले नसतील; आणि त्याचे समाधानकारक उत्तर आम्हांस आज वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावरही सापडले आहे, असे म्हणवत नाही.

गँबिट हा शब्द मुळात कुस्तीच्या आखाड्यातला. इटालियन भाषेत पायात पाय घालून पाडण्याला जो शब्द आहे, त्यावरून रुय लोपेझ नावाच्या स्पॅनिश धर्मोपदेशकाने 1561 साली आपल्या ग्रंथात तो बुद्धिबळाला लावला. आमच्याकडे टांग मारणे म्हणतात तेच हे. फरक इतकाच, की आखाड्यात टांग मारणारा आधी हात जोडून नजराणा पुढे करीत नाही.

आमच्या लहानपणी आमच्या खेड्यात जो खेळ चाले, त्यात मात्र ही टांग नव्हती. आमचा बुलढाणा जिल्हा घाटावरचा आणि घाटाखालचा असा दोन तुकड्यांचा आहे. चिखली, मेहकर, बुलढाणा हा घाटावरचा भाग. खामगाव, मलकापूर, जळगाव जामोद हा घाटाखालचा. आमचे गाव घाटावर, चिखली तालुक्यात. तेथे मारुतीच्या पारावर देशी पद्धतीने डाव पडत. त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके, विलायती तऱ्हेचा किल्लेकोट नसे, आणि दोन्ही सैन्ये आपापल्या हद्दीत निवांतपणे मांडणी करीत बसत. पहिल्या दहा-बारा चालींत एकाही मोहऱ्याच्या अंगाला ओरखडा उठत नसे. जेथे सैन्येच एकमेकांना भिडत नाहीत तेथे आमिष दाखवायचे कोणाला? पंजाबातील मीर सुलतान खान याच पद्धतीत वाढला. 1929 साली तो विलायतेस गेला तेव्हा त्याला डावाच्या आरंभीचे पुस्तकी ज्ञान जवळजवळ नव्हते. तरी त्याने 1929, 1932 आणि 1933 अशा तीन साली ब्रिटिश अजिंक्यपद मिळविले. आपल्या बाजूस विलायती पद्धतीची चाहूल मात्र पुष्कळ आधीची आहे. त्रिवेंगडाचार्य शास्त्र्यांच्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर मुंबईस 1814 साली छापले गेले, आणि त्याच्या नावातच युरोपीय रीतीला जुळवून घेतल्याचा उल्लेख आहे. परंतु मुंबईचे वारे घाट चढून आमच्या पारापर्यंत पोहोचण्यास आणखी दीडशे वर्षे लागली, त्याला कोण काय करणार!

आम्ही गँबिट प्रथम पाहिला तो खामगावास. शिक्षकाची नोकरी लागून आम्ही 1966 साली घाट उतरलो. खामगाव म्हणजे कापसाचे गाव. या एका कापसासाठी जलंबपासून गावापर्यंत आगगाडीचा स्वतंत्र फाटा टाकला गेला आणि 1870 साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनास येऊन गेले. आम्ही गेलो तेव्हाही दिवाळीपासून पुढे कापसाने भरलेल्या बंड्यांच्या रांगा रस्त्यावर उभ्या असत, आणि हवेत सरकीचा वास व कापसाचे तंतू असा संमिश्र कारभार चाले. तेथे एका अडत्याच्या गादीवर रविवारी दुपारी पट मांडला जातो, असे कळल्यावरून आम्ही गेलो. गादीचे मालक आमच्याहून सहा वर्षांनी वडील. सारे त्यांना आप्पा म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. ते आम्हांस मास्तर म्हणू लागले, आणि आजतागायत म्हणतात.

आप्पांचे शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडचे; परंतु कोणा जुन्या वकिलाच्या घरचे इंग्रजी पुस्तक त्यांच्या हाती लागले होते व त्यातील आकृत्या त्यांनी भाषेच्या मदतीवाचून पाठ केल्या होत्या. पांढरी मोहरी आली की ते राजापुढचे प्यादे दोन घरे टाकीत. आम्हीही तसेच करीत असू. लगेच ते राजाच्या उंटापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकून आमच्या प्याद्याच्या तोंडाशी ठेवीत, अडकित्त्यात सुपारी धरीत, आणि म्हणत, "घ्या मास्तर."

आम्ही घेत नसू.

या न घेण्याला शास्त्राधार आहे, हे आम्ही पुढे ग्रंथ मिळवून पाहिले व आमच्या मनाचे समाधान करून घेतले. हे प्यादे घेतले तर पांढऱ्याला दोन लाभ होतात. पटाच्या मध्यभागी पाय रोवून बसलेले काळे प्यादे बाजूस ओढले जाते, म्हणून मधली घरे त्याला मोकळी मिळतात. आणि राजाचा किल्लेकोट झाला की उंटाच्या मोकळ्या झालेल्या पट्टीतून त्याचा हत्ती थेट आमच्या राजाच्या दारावर डोकावतो. उलट काळ्याने प्यादे न घेता आपला उंट बाहेर काढला, तर तो पांढऱ्याच्या राजाची किल्लेकोटाची वाटच अडवून बसतो. शिवाय नाकारणाऱ्याच्या हातीही काठी असते. पांढऱ्याने उतावीळपणे आमचे मधले प्यादे मारले, तर आमचा वजीर कडेच्या घरी जाऊन शह देतो, आणि त्या गोंधळात त्याचा कोपऱ्यातला हत्ती पडतो. आप्पा एकदा फसले. दुसऱ्यांदा फसले नाहीत.

परंतु खरे कारण हे नव्हते. 1952 च्या सुमारास, आम्ही नऊ-दहा वर्षांचे असताना, आमच्या वडिलांनी एका व्यापाऱ्याकडून उचल घेतली होती. उचल म्हणजे काय, हे शहरातील वाचकांना सांगितले पाहिजे. मृगाच्या तोंडावर शेतकऱ्याच्या घरात बी नसते, बैलाला पेंड नसते आणि दाणाही सरत आलेला असतो. त्या वेळी व्यापारी आपण होऊन दारी येतो, खाली बसतो, पाणी मागून पितो, मुलांची चौकशी करतो आणि रोख पैसे पुढे ठेवतो. अट एकच, की दिवाळीला पऱ्हाटी फुटली म्हणजे कापूस त्याच्याच तराजूवर घालायचा. भाव तो म्हणेल तो. वडिलांनी पैसे घेतले. पाऊस एक वर्ष उशिरा आला आणि दुसऱ्या वर्षी वेळेवर येऊन मध्येच निघून गेला. तिसऱ्या वर्षी नाल्याकाठचे आमचे चार एकर काळे रान गेले. आई पुढे वीस वर्षे जगली. त्या रानावरून जाणारी पायवाट सोडून ती लांबच्या वाटेने देवळात जाई. तिने वडिलांना कधी शब्दाने दुखविले नाही. मात्र आमच्या हाती कोणी शेजाऱ्याने साखरेची गोळी ठेवली, तरी ती आम्हांस विचारी, "कशाबद्दल दिली?"

अशा घरात वाढलेला मुलगा गँबिट घेणार कसा?

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय खेळाडूंना आमचा हा स्वभाव पाहून हसू आले असते. त्या काळी देऊ केलेले प्यादे नाकारणे मर्दपणाचे समजत नसत. 1851 साली लंडनमध्ये अँडरसन आणि कीझरित्स्की यांच्यात जो डाव झाला, त्याला आज अमर डाव म्हणतात. त्यात अँडरसनने हाच राजाचा गँबिट टाकला व कीझरित्स्कीने तो घेतला. मग अँडरसन देतच सुटला. एक उंट दिला, दोन्ही हत्ती दिले, शेवटी वजीरही दिला. आणि उरलेल्या उंटाने व दोन घोड्यांनी मात केली. कीझरित्स्की जे समोर येईल ते घेत गेला. त्याच्या पदरी एवढी मिळकत जमली असता त्याचा राजा भर दरबारात उपाशी मेला. हा डाव आम्ही पुस्तकातून प्रथम मांडून पाहिला तेव्हा लोक ज्या हर्षाने टाळ्या पिटतात तो हर्ष आम्हांस झाला नाही. आम्हांस नाल्याकाठचे रान आठवले.

आता, सर्वच गँबिट एका जातीचे नसतात, हेही नमूद केले पाहिजे. वजिराचा गँबिट म्हणून जो प्रसिद्ध आहे, तो तर नावापुरताच गँबिट. 2020 साली त्या नावाची एक चित्रमालिका निघाली. ती वॉल्टर टेव्हिस याच्या 1983 च्या कादंबरीवरून केलेली आहे, आणि ती पाहून आमच्या नातीनेही पट मागितला. तिला आम्ही प्रथम हे समजावून सांगितले, की येथे उंटापुढचे प्यादे दिल्यासारखे दाखवितात, पण ते परत मिळविण्याची सोय आधीच करून ठेवलेली असते. घेणाऱ्याने ते खुशाल घ्यावे, फक्त मुठीत घट्ट धरू नये. धरण्याच्या हट्टाने काळ्याने घोड्यापुढचे प्यादे दोन घरे टाकून त्याला जोर दिला, तर पांढरा हत्तीपुढचे प्यादे त्याच्यावर घालतो. काळा उंटापुढचे प्यादे सारून आणखी जोर लावतो. प्याद्यांची मारामारी होते, आणि पांढऱ्याचा वजीर तिरका जाऊन अशा घरी बसतो की कोपऱ्यातील हत्ती वाचवायचा तर दुसरे एखादे मोहरे द्यावे लागते. एका प्याद्यासाठी एक मोहरे! नात म्हणाली, "आजोबा, मग सोडून द्यायचं ना ते." तिला जे सात वर्षांच्या वयात कळले, ते आम्हांस कळावयास पुष्कळ वर्षे जावी लागली.

ती गोष्ट अशी. एके रविवारी आम्ही नेहमीप्रमाणे उंट बाहेर काढला तेव्हा आप्पांनी अडकित्ता खाली ठेवला आणि विचारले, "मास्तर, तुमी प्याद्याले भेता का मले भेता?" त्या प्रश्नात चेष्टा नव्हती. आम्ही काय बोलत आहोत हे कळण्यापूर्वीच उचलीची सारी हकीकत सांगून टाकली. आणि सांगून झाल्यावर लक्षात आले, की आपण एका अडत्याच्या गादीवर बसलो आहोत आणि मागच्या भिंतीशी त्याच्या खतावण्या रचलेल्या आहेत. आप्पा पुष्कळ वेळ पटाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "देनाराबी भेते, मास्तर. पानी नाही आलं तं त्याचंबी जाते. फक्त त्याचं रान जात नाही, एवढंच." शेवटचे वाक्य त्यांनी जरा हळू म्हटले. आम्ही त्यांच्याजागी असतो तर ते म्हटलेच नसते.

देणाराही भितो, हे आम्ही कधी मनात आणले नव्हते. गँबिट टाकणाऱ्याने एक प्यादे गमावलेले असते ते कायमचे. त्याची चढाई वीस-पंचवीस चालींत फळाला आली नाही, तर शेवटी शेवटी, पट रिकामा झाल्यावर, तेच एक प्यादे त्याच्याविरुद्ध हळूहळू चालत जाऊन वजीर होते. त्याला वेळेची घाई असते, घेणाऱ्याला नसते. पहिला जगज्जेता श्टाइनिट्झ याने 1886 मध्ये ते पद मिळविले. गँबिट घ्यावा, घेऊन चढाई सोसावी आणि शेवटी त्या प्याद्याच्या बळावर डाव जिंकावा, या मताचा तो होता. (तरुणपणी तो स्वतः भर डावात राजाला बाहेर फिरावयास नेण्याचे साहस करीत असे, ही गोष्ट अलाहिदा.) त्याच्यामागून 1894 पासून 1921 पर्यंत जगज्जेता असलेल्या लास्करने याच्याही पुढची पायरी दाखविली. एव्हान्स नावाच्या एका वेल्श जहाजी कप्तानाने वजिराच्या घोड्यापुढचे प्यादे शत्रूच्या उंटाला देऊ करण्याचा एक फार जहाल गँबिट काढला होता. लास्करने सांगितले, की प्यादे घ्या आणि पांढऱ्याची तयारी रंगात आली की आपल्या सोयीच्या वेळी परत करा. कर्ज फिटले, चढाईचा जोर ओसरला, आणि डाव बरोबरीत आला. किंबहुना काळ्याला थोडा बराच. उचल घेतलेल्या शेतकऱ्याला ही सोय असती, तर वऱ्हाडचा इतिहास निराळा झाला असता. पण पटावरील पैसा आणि पेटीतील पैसा यांत हाच तर फरक आहे.

पुढच्या रविवारी आप्पांनी "घ्या मास्तर" म्हणताच आम्ही प्यादे उचलले. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो आम्ही विसरणार नाही. बाविसाव्या चालीला मात झाली, अर्थात आमच्यावर. त्यानंतरचे पाच-सहा महिने आम्ही दर रविवारी घेतले व दर रविवारी हरलो, आणि इतके सुखाने आम्ही त्यापूर्वी कधी जिंकलोही नव्हतो. मग हळूहळू परत करण्याची कला साधली, आणि डाव समसमान होऊ लागले. राजाचा गँबिट घेणे योग्य की अयोग्य, याचा निकाल मात्र लागला नाही. तो मोठमोठ्यांनाही लागलेला नाही. बॉबी फिशर 1960 साली मार देल प्लाता येथे या गँबिटापुढे स्पास्कीकडून हरला. दुसऱ्याच वर्षी त्याने लेख लिहून हा गँबिट सपशेल चुकीचा असल्याचे जाहीर केले. आणि पुढे थोड्याच वर्षांत स्वतः पांढरी मोहरी घेऊन तोच गँबिट खेळून डाव जिंकला. विद्वानांची ही तऱ्हा, मग घाटाखालच्या मास्तराची काय कथा!

1972 साली महाराष्ट्र सरकारने कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली, आणि आप्पांच्या अडतीचा व्यवहार आटोपला. खेड्यापाड्यांतून त्यांची बरीच उचल बाहेर होती. तिच्या वसुलीसाठी ते फारसे हिंडले नाहीत. का हिंडले नाहीत, हे आम्ही विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. गादी काढून तेथे बी-बियाण्यांचे दुकान झाले. पट आतल्या खोलीत गेला. रविवार चालू राहिले. आम्ही निवृत्त झालो, आप्पांचे दुकान मुलाकडे गेले, आणि आमच्या विदर्भातील मुली-मुलगे या खेळात जगाच्या पाठीवर पोहोचले. नागपूरच्या दिव्या देशमुखने 2025 च्या जुलैत जॉर्जियातील बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, त्या दिवशी आप्पांनी दुकानात पेढे वाटविले. ती त्यांची कोणी नव्हती.

त्याच पावसाळ्यातली गोष्ट. डाव मध्यावर आला होता. आप्पांची पांढरी मोहरी होती, खेळ त्यांच्या बाजूने होता. त्यांनी उंट हलविला, आणि त्या उंटाच्या जोरावर उभा असलेला त्यांचा घोडा बिनजोर झाला. आमचा हत्ती सरळ पट्टीत समोर उभा होता. आम्ही हात उचलला आणि थांबलो. ही नवी टांग असेल काय? घोडा मारला तर वजिराचा शह, मग उंट... आम्ही चार वेळा हिशेब केला. त्यात काही निघेना. तेव्हा आम्ही आप्पांकडे पाहिले. अडकित्ता त्यांच्या हातात होता, सुपारी नव्हती. एकोणसाठ वर्षांत देऊ केलेले एकही मोहरे त्यांनी न बोलता पुढे ठेवले नव्हते; या वेळी ते "घ्या मास्तर" म्हणाले नाहीत.

नाकारण्याची कारणे आम्ही आयुष्यभर गोळा केली होती, परंतु अशा घोड्याबद्दल कोणत्याही ग्रंथात काही लिहिलेले नाही. घ्यावा तर त्यांना कळेल. न घ्यावा आणि त्यांना तरीही कळले, तर ते त्याहून वाईट. श्टाइनिट्झने घेतला असता. आम्ही कडेचे प्यादे एक घर सारले.

आप्पांनी पट पाहिला, घोडा पाहिला, मग आमच्याकडे पाहिले. "का मास्तर," ते म्हणाले, "पुन्हा भेले का?"

त्यांना चूक दिसली होती आणि त्यांनी ती झाकली, की त्यांच्या मनात तो खरोखरीचा गँबिट होता, हे आम्हांस त्या दिवशी कळले नाही. घरी येऊन तो डाव आम्ही रात्री पुन्हा मांडला. घोडा घेऊन पाहिला, न घेऊन पाहिला. पहाटे दिवा मालवला.

त्यानंतर मोहरी मांडताना एकदा राजा व वजीर यांच्या जागा उलट झाल्या, त्या आम्ही सुपारी मागण्याच्या निमित्ताने त्यांचे लक्ष वळवून नीट केल्या. आता त्यांची नात शेजारी बसते आणि कोणाची चाल आहे ते सांगते. आप्पा अजून राजापुढचे प्यादे दोन घरे टाकतात, मग उंटापुढचे. ते कधी विसरत नाहीत. पुढे डाव भरकटतो. मात्र हल्ली ते प्रत्येक चालीनंतर, पटावर घेण्यासारखे काही असो वा नसो, "घ्या मास्तर" म्हणतात. आणि काही असले तर आम्ही घेतो.